लेसर नंतर घ्या, आधी एक पावसाळा मोजा

रासायनिक कारखान्यातला पंप गळायला लागला की फिटरचा पहिला हात जातो तो मेकॅनिकल सीलकडे, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची गळती अडवणाऱ्या भागाकडे. त्यात दोन रिंगा असतात, एक शाफ्टबरोबर फिरणारी आणि एक जागेवर बसलेली. बहुतेक वेळा एक सिलिकॉन कार्बाइडची, दुसरी कार्बनची. दोन्हींचे फेस, म्हणजे समोरासमोरचे सपाट पृष्ठभाग, एकमेकांना टेकलेले असतात आणि मधे राहतो तो द्रवाचा एखाद-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पापुद्रा. पापुद्रा टिकला तर सील वर्षानुवर्षं चालतं. तुटला तर रिंगा कोरड्या घासतात, तापतात, तडकतात, आणि आतलं रसायन बाहेर येतं.

हा पापुद्रा टिकावा म्हणून सिलिकॉन कार्बाइडच्या फेसवर बारीक खळगे कोरतात, साधारण १०० मायक्रॉन व्यासाचे आणि पाच-सहा मायक्रॉन खोल. रिंग फिरायला लागली की प्रत्येक खळग्यात दाब तयार होतो आणि तो फेसना किंचित दूर धरतो. बाहेरचा व्यास ६० आणि आतला ५० मिलिमीटर असलेल्या रिंगेच्या फेसचं क्षेत्रफळ भरतं ८६४ चौरस मिलिमीटर. त्याचा पाचवा हिस्सा खळग्यांनी व्यापायचा तर सुमारे २२,००० खळगे लागतात. एवढे सगळे खळगे कोरून बाहेर पडणारा माल मात्र जेमतेम एक घन मिलिमीटर, साखरेच्या एका दाण्याएवढा.

आता हा फेस सपाट आहे की नाही ते कसं बघतात, ते लक्षात घ्या. एकरंगी प्रकाशाखाली फेसवर ऑप्टिकल फ्लॅट, म्हणजे अत्यंत सपाट काच, ठेवतात आणि दिसणारे काळे पट्टे मोजतात. एक पट्टा म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉन. चांगला फेस दोन-तीन पट्ट्यांत बसतो. अशा फेसवर खळगा कोरताना त्याच्या काठाला एक मायक्रॉन उंचीचा जरी वितळलेला कंगोरा उभा राहिला, तरी तो तीन पट्ट्यांहून उंच झाला. पुन्हा लॅपिंग करा, म्हणजे बारीक घासून सपाट करा, आणि लॅपिंगमध्ये खळग्याची खोली गमवा. सिलिकॉन कार्बाइड इतका कठीण आणि ठिसूळ की साध्या हत्याराने त्याला हात लावायची सोय नाही. जिथे पिकोसेकंद आणि फेम्टोसेकंद लेसरची, म्हणजे अतिशय आखूड झटक्यांत प्रकाश सोडणाऱ्या अतिजलद लेसरची, जागा दुसरं काही सहज घेऊ शकत नाही, अशा कामांपैकी हे एक.

लोटे, महाड, रोहा इथल्या कारखान्यांत असे पंप पावलोपावली आहेत. ही रिंग रत्नागिरीत का कोरली जाऊ नये?

कोकणात उद्योगाचा विषय निघाला की चर्चा लगेच नाणार आणि बारसूवर येते. एका बाजूला हजारो एकरांचा प्रकल्प, दुसऱ्या बाजूला आंबा, मासळी आणि पर्यटन. जमीन, पाणी आणि समुद्र वाचवण्यासाठी उभे राहिलेल्या लोकांचा मुद्दा खरा आहे. डिप्लोमा करून पनवेलच्या पुढे जावंच लागणाऱ्या मुलांचा मुद्दाही तितकाच खरा आहे. पण या दोन्हींच्या मधली जागा कुणी मापून बघत नाही. थोडी जागा, नगण्य पाणी आणि खूप अक्कल मागणारं काम असतं. अतिजलद लेसरचं सूक्ष्मकाम त्यातलंच. माझं म्हणणं असं की दक्षिण कोकणात या कामाची एक सामाईक कार्यशाळा सार्वजनिक पैशातून उभी राहावी. पण सरकारी पैसा ज्या क्रमाने खर्च होतो, तो क्रम उलटा करून उभी राहावी. आधी खोली, मग माणसं, मग कामाच्या नोंदींची वही, आणि यंत्र सगळ्यात शेवटी.

या मताला आधार लेसरच्या स्वभावाचाच आहे, म्हणून तो आधी नीट बघू.

आज तालुक्याच्या गावी स्टीलच्या भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडेही फायबर लेसर असतो. काही लाखांत मिळतो. त्याचा पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, साधारण शंभर नॅनोसेकंदांचा; नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आपल्याला हा काळ निमिषाचाही अंश वाटेल, पण धातूला तो ऐसपैस पुरतो. दहा नॅनोसेकंदांतच तांब्यात उष्णता मायक्रॉनभर आत पसरते. मग वरचा थर वितळतो, वाफेच्या दाबाने तो रस बाजूला ढकलला जातो आणि काठावर थिजतो. कंगोरा होतो तो असा. पल्स दहा पिकोसेकंदांवर आणला (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग, फेम्टोसेकंद त्याचाही हजारावा) की उष्णतेला पसरायला वेळच उरत नाही, तांब्यातसुद्धा ती तीसेक नॅनोमीटरच्या पलीकडे जात नाही. प्रकाशाची ऊर्जा आधी धातूतले इलेक्ट्रॉन पितात आणि काही पिकोसेकंदांत अणूंच्या जाळीला देतात. फेम्टोसेकंदांचा पल्स तोवर संपलेला असतो, आणि वरचा पातळ थर वितळून वाहण्याऐवजी उडून जातो. ३०० फेम्टोसेकंदांत प्रकाश चालतो किती? ०.०९ मिलिमीटर, केसाच्या जाडीएवढं अंतर.

इतक्या आखूड पल्सची ऊर्जा वाढवणं ही मोठी अडचण होती. दहा मायक्रोज्यूल म्हणजे ऊर्जा काहीच नव्हे, पण ती ३०० फेम्टोसेकंदांत कोंबली की क्षणिक शक्ती ३३ मेगावॅटच्या घरात जाते आणि वाढवणारा स्फटिक किंवा फायबर स्वतःच फुटतो. १९८५ साली अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी यावर तोड काढली: पल्स आधी ताणून लांब करा, लांब असतानाच त्याला वाढवा, मग पुन्हा आखडून घ्या. २०१८ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता तो याच कामासाठी. आजच्या औद्योगिक लेसरच्या पेटीत हाच क्रम असतो. मूळ पल्स देणारा ऑसिलेटर, ताणणारा भाग, हवे तेवढेच पल्स पुढे सोडणारा पिकर, ऊर्जा वाढवणारा यटर्बियमचा ॲम्प्लिफायर आणि शेवटी पल्स पुन्हा आखडणारा, बारीक रेषांच्या जाळ्यांचा कंप्रेसर. तरंगलांबी १०३० नॅनोमीटर. ती निम्मी केली की ५१५ चा हिरवा किरण, तिसरा हिस्सा केली की ३४३ चा अतिनील.

ही पेटी कोकणात बनवावी असं मी म्हणत नाही. इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था इथे लेसरचं मूळ काम दशकानुदशकं चालू आहे आणि ते तिथेच खोलात जावं. पण पेटीतून किरण बाहेर पडल्यावर जे काम सुरू होतं, ते वेगळं आहे आणि त्यालाही विकासच म्हणतात. जर्मनीने २०१३ चा आपला भविष्य पुरस्कार अतिजलद लेसर कारखान्यांच्या मोठ्या उत्पादनात उतरवल्याबद्दल दिला. तो तिघांना मिळून मिळाला: बॉशचा एक, ट्रम्फचा एक आणि येनाच्या विद्यापीठातला एक. भाग वापरणारा, लेसर बनवणारा आणि पदार्थविज्ञान जाणणारा असे तिघे एका टेबलाशी बसले, तेव्हा इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचं भोक सुबक पडलं. आपल्याकडे बहुतेक वेळा यंत्र विकत घेतलं जातं आणि ती तीन माणसं मात्र एकमेकांना कधी भेटत नाहीत.

यंत्र घेताना सगळ्यांची नजर असते वॅटवर. जास्त वॅट म्हणजे जास्त काम, असा हिशेब. या लेसरच्या बाबतीत तो सरळ चुकतो, आणि कुठे चुकतो ते आकड्यांनी दाखवता येतं.

समजा १०० मिलिमीटर फोकल लांबीची लेन्स आहे आणि तिच्यावर पडणारा किरण पाच मिलिमीटरचा आहे. स्पॉट, म्हणजे किरण एकवटतो तो ठिपका, मिळेल साधारण २६ मायक्रॉनचा. स्टेनलेस स्टील उडायला लागण्याची किमान मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ०.१ ज्यूलच्या आसपास. या स्पॉटमध्ये त्यासाठी पाव मायक्रोज्यूलहून किंचित जास्त ऊर्जा लागते. ऊर्जेच्या मानाने सर्वाधिक माल कधी निघतो? या किमान मर्यादेच्या सुमारे ७.४ पटींवर, म्हणजे इथे दोन मायक्रोज्यूलवर. त्याहून जास्त दिली की जादा ऊर्जा खोलवर उष्णता बनून बसते. खळगा थोडा खोल होतो, पण खर्ची पडलेल्या ऊर्जेच्या मानाने माल कमीच निघतो आणि काठ बिघडतो.

आता पल्स एकमेकांपासून पाच मायक्रॉन सरकत पडावेत असं ठरवू, म्हणजे ओव्हरलॅप ८० टक्क्यांचा. गॅल्व्होचे आरसे किरणाला सेकंदाला पाच मीटर वेगाने नीट फिरवतात असं धरलं, तर सेकंदाला दहा लाख पल्स वापरता येतील. दहा लाख गुणिले दोन मायक्रोज्यूल म्हणजे दोन वॅट. वीस वॅटचा लेसर घेतला तरी या स्पॉटवर, या गॅल्व्होने उपयोगात आले ते दोनच वॅट. बाकीचे अठरा वापरायचे तर किरण अनेक स्पॉटमध्ये विभागणारी प्रकाशिकी हवी, किंवा सेकंदाला पन्नास मीटरवर जाणारा बहुकोनी फिरता आरसा हवा, आणि त्याच्या वेळा नॅनोसेकंदांत जुळवणारं नियंत्रण हवं. ते न करता नुसते पल्स वाढवले की एकाच जागी उष्णता साठत जाते, स्टीलवर काळपट फुगवटे येतात आणि ज्यासाठी कोटी मोजले त्या लेसरचं काम भांड्यांवर नावं घालणाऱ्या लेसरसारखं दिसायला लागतं. ‘थंड कोरीवकाम’ हा विक्रेत्यांचा लाडका शब्द अर्धाच खरा आहे. स्टीलमध्ये दिलेल्या ऊर्जेपैकी साधारण तिसरा हिस्सा उष्णता म्हणून भागातच राहतो. ती निवायला वेळ दिला तरच काम थंड.

म्हणून पहिलं यंत्र वीस वॅटपर्यंतचंच घ्यावं आणि राहिलेला पैसा मोजमापात घालावा. खोली मोजणारा कॉन्फोकल किंवा व्हाइट लाइट सूक्ष्मदर्शक नसेल तर पाच मायक्रॉनचा खळगा खरंच पाच मायक्रॉनचा आहे की आठचा, हे सांगणार कोण?

मोजमाप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पीएचडी येते. तसं काही नाही. किमान मर्यादा शोधायची एक सोपी रीत १९८२ पासून रूढ आहे आणि ती आयटीआयचा मुलगा दोन दिवसांत शिकेल. पॉलिश केलेल्या स्टीलच्या तुकड्यावर एक-एक सुटा पल्स मारायचा, दर ओळीला ऊर्जा वाढवत. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक डागाचा व्यास मोजायचा, त्याचा वर्ग करायचा आणि सेमी-लॉग कागदावर (एका बाजूला दर दहापटीला सारखं अंतर असलेल्या आलेख-कागदावर) ऊर्जेसमोर मांडायचा. वर सांगितलेल्या स्पॉटवर एक मायक्रोज्यूलला डाग साधारण २१ मायक्रॉनचा येतो, दोनला २६ चा आणि चारला ३० चा. वर्ग काढा: ४४१, ६७६, ९००. ऊर्जा दर वेळी दुप्पट होते आणि वर्ग दर वेळी जवळपास तेवढ्याच फरकाने वाढतो. ठिपके सरळ रेषेत बसतात. रेषेच्या चढावरून स्पॉटचा खरा आकार कळतो, आणि रेषा खाली शून्याला जिथे टेकते ती किमान मर्यादा. ठिपके रेषेत बसले नाहीत तर फोकस हललाय, लेन्सवर मळ आहे किंवा किरण गोल उरलेला नाही. एका कागदावर यंत्राची प्रकृती दिसते. दर सोमवारी सकाळी हा कागद भरला गेला, तर लेन्स जळायच्या आधी कळेल. सुट्या पल्सची मर्यादा प्रत्यक्ष कामात थोडी खाली येते, कारण दुसरा पल्स आधीच दुखावलेल्या पृष्ठभागावर पडतो. तेही त्याच वहीत दहा, शंभर, हजार पल्स मारून नोंदवायचं.

आता खोली. कोकणात या कामाचा जीव खोलीत आहे.

जुलैमधली रत्नागिरीची हवा घ्या. तापमान २८, आर्द्रता ८५ टक्के. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतला ओलावा थेंब होऊन धरतो ते, २५ अंशांच्या किंचित वर असतो. लेसरमधून थंड पाणी फिरवणारा चिलर बहुधा २२ अंशांवर लावलेला असतो. संध्याकाळी सहाला वीज वाचवायची म्हणून कुणीतरी एसी बंद केला, रात्रभर खोलीने बाहेरची हवा आत घेतली आणि सकाळी आल्याआल्या पहिलं बटण दाबलं ते चिलरचं. दहा मिनिटांत थंड पाण्याच्या नळ्यांवर, लेसरच्या डोक्यावर आणि किरण बाहेर पडतो त्या काचेवर पाणी धरतं. बर्फाच्या पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाझर फुटतो तसंच. त्या काचेतून मेगावॅटचा पल्स सोडला की थेंबाच्या जागी काचेवरचा लेप जळतो. डाग सुईच्या टोकाएवढा, पण तो दर पल्सला ऊर्जा पितो, तापतो, वाढतो. आठवड्याभरात स्पॉट वाकडा येतो आणि दोष ऑपरेटरच्या माथी बसतो.

खोली २४ अंश आणि ५५ टक्क्यांवर धरली तर दवबिंदू १४ अंशांवर येतो आणि ही भीती उरत नाही. म्हणजे जून ते सप्टेंबर एसी आणि डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू, रविवारीसुद्धा. सकाळी आधी आर्द्रतामापक बघायचा, दवबिंदू चिलरच्या पाण्यापेक्षा निदान पाच अंश खाली असल्याची खात्री करायची, मग चिलर, मग लेसर, आणि तासभर तापू दिल्यावर काम. हिरवा किरण काढणारे स्फटिक ओलावा शोषतात म्हणून त्यांना मुद्दाम गरम ठेवलेलं असतं. मुख्य स्विच बंद केला की तेही गार पडतात. तेव्हा रात्री लेसर बंद करायचा तो किरणापुरता, वीज तोडून नव्हे.

दुसरा शत्रू मीठ. समुद्राच्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पाणी ओढून स्वतः विरघळतात. किनाऱ्यावर वर्षातले कित्येक महिने ही पातळी ओलांडलेली असते, म्हणजे आरशावर बसलेला कण कोरडा राहतच नाही. तो लेपाला खातो आणि वाळला की स्फटिक होऊन प्रकाश विखुरतो. उपाय साधा आहे, फक्त सातत्याने करावा लागतो. खोलीत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त हवेचा दाब ठेवायचा, येणारी हवा गाळून घ्यायची, दोन दारांमधे चपला काढायची जागा ठेवायची आणि किरणाच्या मार्गात तेलविरहित, कोरडी हवा सोडायची. कॉम्प्रेसरला नुसता पाण्याचा सापळा लावून भागत नाही. पावसाळ्यात तो सापळा तासाभरात भरतो आणि पुढचं पाणी थेट लेन्सवर जातं.

तापमान एका अंशाच्या आत ठेवायचं कारण वेगळं आहे. अर्धा मीटर स्टील एका अंशाला सहा मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. दहा मायक्रॉनच्या स्पॉटवर काम चाललं असेल तर फोकसची खोली वर-खाली पाऊणशे मायक्रॉनच असते आणि आडवं सरकणं तर लगेच दिसतं. म्हणून यंत्राखाली ग्रॅनाइट घ्यायचा आणि इमारत तळमजल्याची, महामार्गापासून आणि रेल्वेपासून लांब, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट खडकावर, बांधायची. सडा याहूनही एका कारणासाठी हवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी किती चढलं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना पूररेषेच्या आत असं यंत्र ठेवा म्हणून कुणी सांगू नये. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची किती गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, तेही आठवावं. यूपीएस लागेलच. पण जनरेटरची जोड लेसरला देण्याआधी डीह्युमिडिफायरला द्यायची, कारण कोरड्या खोलीतला बंद लेसर लगेच खराब होत नाही आणि ओली खोली मात्र सगळं खराब करते.

एवढं करून खर्च किती? वीस वॅटचा लेसर, चिलर, गॅल्व्हो, एसी, कॉम्प्रेसर आणि हवा शोषणारा पंखा मिळून दहा किलोवॅटच्या आसपास वीज लागेल, आणि त्यातला मोठा वाटा लेसरपेक्षा खोलीचाच असेल. पाणी म्हणाल तर चिलरच्या बंद चक्रात दहा-बारा लिटर शुद्ध पाणी, तेही काही महिन्यांनी बदलायचं. कचरा म्हणजे गाळण्यांत अडकलेली धूळ. ती थोडी असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष चालणार नाही. या लेसरने उडालेले कण नॅनोमीटरच्या मापाचे असतात आणि सरळ फुप्फुसात उतरतात. हेपा गाळणी बदलताना मास्क हवा आणि वापरलेली गाळणी घातक कचरा म्हणूनच गेली पाहिजे. किरण अदृश्य असतो आणि तिरक्या चकाकीनेही डोळा जातो, म्हणून चष्मा १०३० आणि ५१५ दोन्हींसाठी प्रमाणित हवा. आणखी एक गोष्ट विक्रेते स्वतःहून सांगत नाहीत. दर चौरस सेंटिमीटरला दहाच्या तेराव्या घाताइतक्या वॅटच्या वर तीव्रता गेली, आणि पल्स वेगाने पडत असले, की धातूच्या पृष्ठभागातून क्ष-किरणही निघतात. पुरेशा जाडीच्या धातूची बंद पेटी असली की ते अडतात, पण दार उघडं ठेवून ‘जरा बघू दे’ म्हणायची सवय इथे चालत नाही.

कोकणाला स्वतःच्या उपयोगाचं दुसरं काम कोणतं, तर स्टेनलेस स्टीलवरच्या खुणा. शस्त्रक्रियेच्या चिमट्यावर, बोटीच्या फिटिंगवर, व्हॉल्व्हच्या अंगावर साध्या लेसरने काळा क्रमांक घातला की काही महिन्यांत, खाऱ्या हवेत तर त्याआधीच, नेमक्या त्या अक्षरांवर तांबूस गंज दिसायला लागतो. कारण तो काळा रंग तापवून आणलेल्या ऑक्साइडचा असतो. तापताना त्याच्या खालच्या थरातलं क्रोमियम कमी होतं, आणि स्टेनलेसला गंजापासून वाचवतं ते क्रोमियमच. पिकोसेकंद लेसरने घातलेली काळी खूण वेगळ्या जातीची असते. पृष्ठभागावर तरंगलांबीच्या जवळपास मापाच्या, म्हणजे मायक्रॉनहून थोड्या बारीक, लहरी आणि त्यांच्यावर आणखी बारीक खडबड उमटते. प्रकाश त्यात अडकतो आणि काळेपण दिसतं. रंग तापवून आणावा लागत नसल्याने क्रोमियमचा थर पुन्हा धरतो आणि खूण निर्जंतुकीकरणाच्या अनेक फेऱ्या सोसते. हे पडताळायला मिठाच्या फवाऱ्याची पेटी लागते. खरं तर मालवण किंवा हर्णैच्या बंदरावर टांगलेली पट्टीही चालेल.

बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून लेसरने पृष्ठभाग कोरायची कल्पना मात्र इथे कुणी विकायला आला तर थांबवावं. प्रयोगशाळेतल्या छोट्या तुकड्यावर पाणी मोत्यासारखं घरंगळतं हे खरं. मिनिटाला एखाद-दोन घन मिलिमीटर माल काढणाऱ्या लेसरने आख्खा तळ कोरायचा म्हणजे किती काळ जाईल, आणि वाळूत एकदा घासल्यावर त्या लहरींचं काय उरेल, हा हिशेब आधी मांडावा. पत्रा कापायलाही हा लेसर नाही. त्यासाठी सलग किरणाचा फायबर लेसर शंभर पटींनी बरा.

‘हे पुण्यात का नको?’ असं विचारतील. पुण्यात होतंच आहे आणि होत राहील. पण इथला भाग शंभर-दोनशे ग्रॅमचा असतो, एसटीच्या पार्सलने लोट्याहून रत्नागिरीला दुपारपर्यंत पोचतो. गिऱ्हाईक जवळ असलं की बिघडलेली रिंग पाहून पुढची रिंग सुधारता येते. आणि नेमकेपणासाठी कोकण निवडण्याची रीत जुनी आहे. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेची मापं बिघडणार होती, तेव्हा १९०४ साली ती अलिबागला आणली, चुंबकत्व नसलेला दगड निवडून इमारत बांधली, आणि त्या नोंदी आजही चालू आहेत. जिथे शांतता आहे आणि रोजची नोंद ठेवणारी माणसं आहेत, तिथे असं काम टिकतं.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मला मान्य आहे. मार्चअखेरीला यंत्र येतं, उद्घाटन होतं, फोटो निघतो. दोन वर्षांनी देखभालीचा करार संपतो, शिकलेला मुलगा बंगळुरूला जातो आणि यंत्रावर प्लास्टिकचं आवरण चढतं. असं घडतं कारण मंजुरीत यंत्राचा आकडा असतो आणि माणसाचा नसतो. अतिजलद लेसरचं पूर्ण यंत्र काही कोटींत जातं. मंजूर रकमेतल्या शंभरातले पस्तीस रुपये यंत्राला, पंधरा खोलीला, पंधरा मोजमापाच्या साधनांना आणि उरलेले पस्तीस पाच वर्षांच्या पगाराला, देखभालीला, सुट्या काचा-लेन्सना असं वाटप आधीच कागदावर बांधून टाकावं. एक प्रक्रिया अभियंता, दोन ऑपरेटर, एक मोजमाप करणारा. चार माणसं, आणि दर वर्षी सहा शिकाऊ. हजारो नोकऱ्यांचं आश्वासन यात नाही आणि कुणी देऊही नये. पण पाच वर्षांत तीस मुलं असं काहीतरी शिकून निघतील, जे आज मनीऑर्डरीच्या गावांत शिकायला मिळत नाही. त्यातल्या दोघा-चौघांनी जरी कुडाळ किंवा खडपोलीच्या एमआयडीसीत स्वतःचं यंत्र टाकलं, तरी खर्च वसूल झाला असं मी मानेन.

जागा नवी बांधायची गरज नाही. रत्नागिरीत अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे. लोणेऱ्याला बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, पदार्थाचं शास्त्र जाणणारी माणसं तिथे आहेत. मधला दुवा म्हणून नोंदींची वही उघडी ठेवावी. कोणत्या स्टीलवर, किती ऊर्जेला, किती वेगाने, किरणाच्या कितव्या फेरीला काय झालं आणि काय बिघडलं, हे मराठीत लिहिलेलं आणि कुणालाही बघता येईल असं. गिऱ्हाइकाचा नकाशा गुप्त राहू दे. स्टीलचा स्वभाव गुप्त ठेवायचं काही कारण नाही. सार्वजनिक पैशातून जळलेली प्रत्येक लेन्स पुढच्या माणसाला काहीतरी सांगून गेली पाहिजे.

आणि सुरुवात करायला कुठल्याही मंजुरीची वाट बघावी लागत नाही. जी खोली या कामासाठी डोळ्यांसमोर असेल, तिच्यात मृगाच्या आधी तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं काही हजारांचं लॉगर ठेवा, एक जमिनीजवळ आणि एक माणसाच्या उंचीवर. दर दहा मिनिटांनी एक नोंद. शेजारी पॉलिश केलेली स्टीलची पट्टी आणि एक साधी काच उघडी ठेवा. वीज किती वेळा आणि किती मिनिटं गेली ते वहीत लिहा. दसऱ्याला ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरा. तिच्यावर मिठाचे स्फटिक आणि बुरशीचे धागे किती मिळतात, त्यावर डीह्युमिडिफायर किती लिटरचा आणि गाळणी कोणत्या दर्जाची हे ठरेल. लेसरचं टेंडर त्यानंतर काढायचं.